पाठ झालेलं भाषण

“मग माझा नवस फळत का नाही, आक्का? कुठं चुकते मी?”

कालिंदीबाईंनी विचारलं आणि पदर डोळ्यांना लावला.

चंद्राक्का गोधडीला टाके घालत होत्या. दुपारची वेळ. घाटावरच्या त्या लहानशा मठीत दोघींशिवाय कुणी नव्हतं.

“काय नवस बोलली हुतीस, ते सांग आधी. काय बी गाळू नगंस.”

पाच वर्षांपूर्वी कालिंदीबाईंची एकुलती लेक गार्गी घरातून निघून गेली. त्या दिवशी त्यांनी देवापुढं दिवा लावून हात जोडले होते. माझी लेक माझ्या घरी परत येऊ दे. मी पाच वर्षं रोज मास्तरांच्या भाषणाचं पारायण करीन.

तुळशीराम मास्तरांचं भाषण त्या भागात कुणाला ठाऊक नाही? सत्तर वर्षं झाली. ज्यांना या नदीच्या पाण्याला शिवू देत नव्हते, त्यांना घेऊन मास्तर याच घाटाच्या पायऱ्या उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि बोलले. त्या दिवसापासून घाट सगळ्यांचा झाला. अजूनही दरवर्षी त्या तारखेला इथं मंडप पडतो. शाळेतली मुलं तेच भाषण म्हणून दाखवतात. परीक्षक म्हणून कालिंदीबाईंना मानाची खुर्ची असते.

मान उगाच नव्हता. त्यांचे सासरे मास्तरांच्या बाजूनं उभे राहिलेले गृहस्थ. भाषण त्यांनीच वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही आता कालिंदीबाईंच्या देवघरात असते, लाल रेशमी वस्त्रात. सोवळं नेसायचं, वहीला हळदकुंकू वाहायचं, मग वाचायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

“एक दिवस चुकला नाही, आक्का. अंगात ताप होता तेव्हाही नाही. आता अकरा दिवस राहिलेत. अक्षरन् अक्षर पाठ आहे मला.”

शेवटच्या वाक्यात जरा ताठा आला. त्यांचा त्यांना तो कळला नाही.

“म्हण बघू.”

कालिंदीबाई सावरून बसल्या. डोळे मिटले.

“बंधूंनो, भगिनींनो. पाणी आम्हाला मिळालंच नाही, असं मी म्हणणार नाही. मिळालं. पण वरून मिळालं. देणारा ताठ उभा, घेणारा वाकलेला. त्याचा हात उंच, आमची ओंजळ खाली. असल्या पाण्यानं तहान भागते, पण माणूस खचतो. आम्हाला पाणी वाढवून नको. आमच्या हातात भांडं द्या...”

त्यांनी हात जोडले. रोज याच वाक्याला जोडत.

“छान म्हणतीस,” आक्का म्हणाल्या.

“तुम्ही तर प्रत्यक्ष ऐकलंत! केवढं भाग्य तुमचं.”

“कसलं भाग्य! आठ वर्षांची पोर मी. पायरीवर पाय भाजत हुते. हे बाबा कवा थांबत्यात आन् आपण पाण्यात कवा उतरतो, एवढंच डोक्यात.”

कालिंदीबाईंना हसू आलं. आक्का जन्मल्या घाटापलीकडच्या वस्तीत. पुढं आयुष्यभर मास्तरांचं काम करत गावोगाव फिरल्या आणि सत्तरी ओलांडल्यावर इथं येऊन राहिल्या. दर गुरुवारी बाया त्यांच्या दर्शनाला येत. कालिंदीबाईही येत, उंबऱ्यावर डोकं टेकवत.

“लेकीचा फोन येतो का?”

“येतो. यायला तयार आहे.”

“अगं, मग फळला की नवस!”



“... त्याला घेऊनच येईन म्हणते. नाहीतर नाही.”

“त्याला म्हंजी कुणाला?”

“संदेशला.”

“जावई म्हण की. जीभ झिजंल व्हय?”

“मी वाईट बोलत नाही हो त्याच्याबद्दल. मुलगा सालस आहे, शिकलेला आहे. पण आपल्यातला नाही... तरी लग्नानंतर आला, तेव्हा काही कमी केलं नाही मी. खुर्चीवर बसवलं. पोहे केले, चहा केला. सगळे गप्पा मारत होते. आणि मधेच गार्गी उठली, त्याचा हात धरला आणि गेली, ती गेलीच. का गेली, ते आजपर्यंत कळलं नाही मला.”

आक्कांनी सुई गोधडीत खोचून ठेवली.

“तहान लागली गं. पाणी हाय का तुझ्यापाशी?”

होतं. व्रत असेपर्यंत बाहेरचं पाणी चालत नाही, म्हणून कालिंदीबाई घरचा तांब्या भरून आणत. आक्कांनी आपल्याकडं पाणी मागावं! त्या लगबगीनं उठल्या.

आक्कांनी ओंजळ पुढं केली.

कालिंदीबाईंनी तांब्या कलता केला.

आक्का एक ओंजळ प्यायल्या. दुसरी प्यायल्या. तिसरी मात्र त्यांनी ओठांशी नेली नाही. हात तसेच धरून ठेवले. बोटांच्या फटींतून पाणी जमिनीवर सांडत राहिलं. आणि त्या वर पाहत राहिल्या.

कालिंदीबाईंनी त्यांच्या नजरेमागं नजर नेली.

त्यांचा स्वतःचाच हात होता तो. खांद्याच्याही वर गेलेला. तांब्याचा काठ चुकूनसुद्धा खालच्या बोटांना लागू नये, इतका वर. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. हात आपला आपण गेला होता.

धार थांबली.



“... कागदाचा पेला होता, आक्का.” कालिंदीबाईंचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. “आम्हा सगळ्यांना कप होते. त्याला कागदाचा पेला. म्हटलं, पाहुणा माणूस, नवा पेला बरा... असंच म्हटलं मी मनाशी.”

आक्कांनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला.

“अहो...” कालिंदीबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

आक्कांनी तांब्या तोंडाला लावला. घटाघटा पाणी प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं, काठ मात्र पुसला नाही. मग तांब्या पुढं केला.

“आक्का, माझं व्रत... अकराच दिवस राहिलेत. हे प्यायले तर मोडेल.”

“मोडंल.”

“आणि मग माझी गार्गी?”

 आक्कांच्या म्हाताऱ्या हाताला तांब्या जड होत होता. पण त्यांनी तो खाली घेतला नाही.

“घे,” त्या म्हणाल्या. “म्या प्याले, तशी तू पी.”