आबासाहेबांच्या मांडीवरचा नारळ

छातीत धडकी भरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक दणदणाटासाठी 'ठिणगी' ग्रुप पंचक्रोशीत गाजलेला. यंदाच्या यात्रेत मात्र ग्रुपच्या म्होरकीनं, उल्का घोरपडेनं, दणका कमी करून कीबोर्डवर नव्या लडिवाळ चाली धरल्या. पोरांनी "जुनंच वाजवा"चा धोशा लावला; बायका मात्र टाळ्यांचा ठेका धरून बसल्या.

मंचावर सत्काराची शाल पांघरून, सुरुवातीला नारळ मांडीवर घेऊन बसलेले यात्रा कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब पाचवं गाणं संपताच माइकपाशी आले.

"ह्याला काय नाचायचं संगीत म्हणायचं? माझं तर बोटसुद्धा हललं नाही. पुढच्या वर्षी सुपारी दुसऱ्या ग्रुपला."

उल्का डगमगली नाही. मघापासून तिची नजर पायाशीच होती. तिनं वाकून कीबोर्डखालचा नारळ उचलला आणि अदबीनं पुढे धरला.

"आबासाहेब, हा तुमचा. दुसऱ्या गाण्याला तुमच्या मांडीवरून घरंगळत माझ्या पायाशी आला. तुमचं बोटसुद्धा हललं नाही, मग ह्याला नाचवलं कुणी?"

हशा पिकला. आबासाहेबांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, ते मिशीत हसले आणि त्यांनी नारळ घेऊन कमिटीच्या सेक्रेटरीकडे दिला.

"हा धर जरा," ते म्हणाले. "आणि पोरी, ते दुसरं पुन्हा वाजव."