कोंडाबाईला भुईवर घेतले

लव्हाळे महाराज तेव्हा माळेगव्हाणात होते. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला लव्हाळ्यात एक पडकी पडवी होती, तिथे त्यांचा मुक्काम. महाराज फार शांत होते असे कोणी सांगू लागले, तर त्याने महाराजांना पाहिलेले नाही असे खुशाल समजावे. महाराज चिडके होते. खोटेपणा दिसला की त्यांच्या कपाळाची शीर ताडकन उभी राहायची, आणि आपल्या गावांत खोटेपणाला काय तोटा! ती शीर बहुतेक उभीच असे. पण ज्याच्या बाजूने कोणी नाही, त्याच्या बाजूने ते उभे राहत, हेही तितकेच खरे.

येसाजी पाटलांची बायको ठकूबाई ही महाराजांची भक्त. रोज सकाळी फडक्यात भाकरी-ठेचा बांधून पडवीत ठेवायची, पायावर डोके टेकायची आणि मुकाट परत फिरायची. कधी काही मागितले नाही.

घरी तिची सासू कोंडाबाई. वीस वर्षे दोघींचे पटले नाही. कालवणात मीठ जास्त, सारवण कच्चे, हसणे मोठे, सगळ्याला म्हातारीचे नाव ठेवणे असायचे. पण दिवाळीनंतर तिने अंथरूण धरले, तेव्हा तिचे हागणे-मुतणे काढले ते ठकूबाईनेच. नाव ठेवायला मग बाकीचे गाव होतेच. वाचा जाण्याआधी म्हातारीने सुनेचे मनगट धरले होते.

"ठके, वकूत आला की मला बाजेवरनं खाली घे. सारवलेल्या भुईवर. तुळशीचं पान, घोटभर पाणी, बास. मला वढत ठिवू नगं. शबूद दे."

"दिला, आत्याबाई."

आणि वेळ आली ती नेमकी पंचकात. पंचकाच्या पाच दिवसांत घरात मरण आले तर त्यामागे आणखी पाच जातात, असे लोक धरून चालतात. येसाजी, ठकूबाई आणि तीन लेकरे. म्हातारीमागे घरात मोजून पाचच माणसे उरत होती. येसाजीची बोबडी वळली.

गावचे वैद्य बाळंभट. पंचांगही त्यांच्याच घरात. ते चावडीवर छाती काढून म्हणाले, "गुरुवारी पंचक सुटतं. तोवर म्हातारीला मी हलू देत नाही. यमाला म्हणावं, बस चार दिवस ओट्यावर तंबाखू मळत!" चावडी खो खो हसली. झाले! आता म्हातारी जगणे ही वैद्यबुवांच्या अब्रूची गोष्ट झाली.

त्यांच्याकडे हेमगर्भाची मात्रा होती. सोन्याची मात्रा ती. सहाणेवर उगाळायची, आल्याच्या रसात आणि मधात चाटवायची. मरणाऱ्याची वाचा दोन घटका परत यावी, कोणाला काही सांगायचे राहिले असेल ते त्याने सांगावे, एवढ्यासाठी ती असते. बाळंभट ती दिवसातून तीनदा देऊ लागले. वाचा काही येईना. यायची ती फक्त धाप. दातखीळ बसली की पळीचा दांडा घालून ती उघडायची. म्हातारीचे ओठ फाटले. गोधडीवर तिचे एक बोट तेवढे हलत राही.

"बघा, चैतन्य!" बाळंभट म्हणत.

ते बोट काय म्हणते आहे, ते एका ठकूबाईला कळत होते. आपल्याकडे माणसाला सुखाने जगू देत नाहीत, ते एक वेळ समजते. अरे, मरू तरी द्या!

मंगळवारी सकाळी बाळंभट सहाण घेऊन बसले, तशी ठकूबाई आडवी आली. "वैद्यबुवा, पुरे करा. त्यांना खाली घेऊ द्या मला."

बाळंभटांनी मान वर केली. दारात आयाबाया जमलेल्या होत्याच. "ऐकलंत? सासूची भारी घाई झालीय सूनबाईंना! तिजोरीच्या किल्ल्या अजून म्हातारीच्या कमरेला आहेत वाटतं?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. येसाजी कळवळून म्हणाला, "अगं, गप की! पोरं तुझीच हायेत ना?"

ठकूबाईच्या जिवाची लाही लाही झाली. शब्द पाळावा तर पोरांवर संकट, न पाळावा तर म्हातारीचा छळ, आणि वर हा कलंक. ती तशीच उठली आणि ओढ्याकडे धावली.

"आज भाकरी नाही?" महाराज खेकसले.

"इसरले, महाराज." ती धापा टाकत होती. "एक इचारायचं हाय. मी आत्याबाईंच्या मरणाला उतावीळ झालेय का वो?"

"तिचं दुखणं बघवेना, म्हणून ती सुटावी असं वाटतं, की तुझी पाठ मोडली म्हणून?"

ठकूबाईने खाली बघितले. "दोन्ही."

महाराज मोठ्याने हसले. "खरं बोललीस. गावात पहिलंच माणूस भेटलं. चल."

पाटलांच्या दारात महाराज आले, तशा बाया बाजूला झाल्या. बाजेजवळ मात्रा उगाळून तयार होती.

"काय चाललंय रे, वैद्या?"

"उपचार," बाळंभट म्हणाले. "आपल्याला त्यातलं कळायचं नाही, बुवा."

"हिला विचारलंस, हवाय का?"

"वाचा गेलीय तिची. विचारणार काय, कपाळ?"

महाराजांची शीर उभी राहिली. "मग तिच्या वतीनं तूच सांग." त्यांनी एका हातात कोंडाबाईचे मनगट घेतले, दुसऱ्या हाताने बाळंभटांचे मनगट पकडले आणि म्हणाले, "येसाजी, घाल मात्रा."

येसाजीने पळी म्हातारीच्या ओठांत सारली. आणि काय सांगावे! घोट म्हातारीच्या तोंडात गेला, ठसका मात्र वैद्यांना लागला. त्यांचे डोळे पांढरे झाले. दात एकमेकांवर घट्ट बसले. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. ठकूबाई बघतच राहिली. तीन दिवस जी धाप म्हातारीला होती, ती आता धडधाकट बाळंभटांना लागली होती, आणि म्हातारी मात्र तान्ह्या पोरासारखी निवांत श्वास घेत होती.

दारातली एक बाई कळवळली, "वैद्यबुवांना बी द्या की एक पळी! तरतरी येईल!"

बाळंभटांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. हात उचलायचा त्यांनी आटोकाट प्रयत्न केला. हात उचलला गेला नाही. गोधडीवर त्यांचे एक बोट तेवढे हलले.

"बघा, चैतन्य," महाराज म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला.

बाळंभट भिंतीला टेकून कोसळले. धाप ओसरली तसे ते म्हणाले, "पुरे म्हणत होतो मी... पुरे, पुरे. ओरडत होतो. कुणाला ऐकूच येत नव्हतं."

"तीही तेच ओरडत होती. तीन दिवस."

येसाजी हात जोडून उभा होता. "पण महाराज, पंचक? माझी लेकरं?"

"ते मला काय विचारतोस? ह्याची पोथी काय सांगते ते विचार. बोल रे."

बाळंभटांची मान वर होईना. "कणकेचे पाच पुतळे करावेत. चितेवर प्रेताबरोबर ठेवावेत. पाचांचा दोष त्यांवर जातो. मागे कोणाला काही होत नाही."

"ठाऊक होतं?"

"होतं."

"मग?"

"चावडीवर बोलून बसलो होतो, महाराज."

महाराज कडाडले. "चावडी हसली म्हणून एका म्हातारीला तीन दिवस फासावर लटकवून ठेवलंस! तुझ्या विद्येत खोट नाही रे. ती कधी थांबवायची तेवढं शिकायचं राहिलं. चल, पाय धर तिचे. खाली घ्या."

ठकूबाईने घाईघाईने माजघर सारवले, वर घोंगडी टाकली. डोके तिने धरले, पाय बाळंभटांनी. येसाजी मधे होता. म्हातारीला भुईवर टेकवले तशी तिच्या अंगातली सगळी ओढाताण उतरली. ठकूबाईने तिचे डोके मांडीवर घेतले, फाटक्या ओठांना तूप लावले, तुळशीच्या पानाने दोन थेंब पाणी सोडले. महाराजांनी म्हातारीच्या कपाळावर तळवा ठेवला.

सोन्याच्या मात्रेने जी वाचा आली नाही, ती दोन थेंबांवर आली! कोंडाबाईने डोळे उघडले. बोटांनी भुई चाचपली आणि म्हणाली,

"वल्लंच हाय गं सारवण. तुला कंदी जमलं न्हाई, ठके."

"न्हाई जमलं, आत्याबाई," ठकूबाई रडता रडता हसू लागली.

म्हातारीही हसली. सुनेच्या हनुवटीला तिने हात लावला, महाराजांकडे एकदा बघितले, आणि पुढचा श्वास घेतलाच नाही. धाप नाही, घरघर नाही. रात्री दार लोटून घ्यावे इतक्या सहज गेली.

येसाजी धाय मोकलून रडला. बाळंभट मात्र उठून स्वयंपाकघरात गेले. परात स्वतः पुढ्यात ओढली आणि कणीक मळायला बसले. तिरडी बांधून होईतो ते परात घेऊन बाहेर आले, कोपरापर्यंत पिठाने माखलेले, ती भुईवर ठेवली आणि महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतला.

"माझा काय अपराध केलास? जिचा केलास ती गेली. जिला बोललास ती तिथे बसलीय."

बाळंभट वळले. दारात त्याच बाया उभ्या होत्या, सकाळी हसणाऱ्या. त्यांच्या देखत त्या सोवळ्यातल्या वैद्याने ठकूबाईच्या पावलांवर कपाळ टेकले. "पोरी, चुकलो गं. तुझी जीभ तेवढी खरं बोलत होती."

ठकूबाईने डोळे पुसले. तिच्या पावलांना ओली कणीक लागली होती.

"उठा, वैद्यबुवा," ती म्हणाली. "चारच पुतळे दिसत्यात परातीत. एक ऱ्हायलाय."