ठमी मुंगी आणि पिकअपमावशीचं नाक

ठमी मुंगी. मोहरीएवढी.
तिला सापडला बत्ताशाचा तुकडा. पांढराशुभ्र!
डोक्यावर घेऊन निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत उभी होती पिकअपमावशी. जुनी गाडी. खडखड खडखड.
मावशी सुरू झाली. भक्! भक्! भक्!
धूरच धूर. काळाकुट्ट.
ठमीने वर पाहिलं.
अगं बाई! बत्तासा काळा!

"पिकअपमावशी, पिकअपमावशी!
धूर थांबेना, माझा बत्तासा काळा!"
"काय करू बाई? माझ्या धुराच्या नळीत एक नाक आहे. त्याला म्हणतात सेन्सर. हुंगून हुंगून ते थकलं. आता पेट्रोल किती प्यावं, तेच कळेना. पिते गटागटा, सोडते भकाभका. मिस्त्री नाक बदलेल, तर धूर थांबेल."

ठमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.
"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा!
नाक बदलेना,
धूर थांबेना, माझा बत्तासा काळा!"
"या अल्ला! एवढासा जीव, केवढा आवाज! पण गाडी शेवंताकाकूंची. काकू सांगतील, तर नाक बदलेन."

ठमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.
"शेवंताकाकू, शेवंताकाकू!
मिस्त्री हलेना,
नाक बदलेना,
धूर थांबेना, माझा बत्तासा काळा!"
"काहीतरीच! नाक थकलं की गाडीत पिवळा दिवा लागतो. कुठेय दिवा? दिवा दिसेल, तर सांगेन."

ठमी चढली गाडीत. तुरुतुरु तुरुतुरु.
"दिवेदादा, दिवेदादा!
काकू ऐकेना,
मिस्त्री हलेना,
नाक बदलेना,
धूर थांबेना, माझा बत्तासा काळा!"
"अगं, मी कधीचा पेटलोय! पण माझ्या डोळ्यावर ही लाल टिकली. टिकली हटेल, तर दिसेन."

अगं बाई! दिव्यावर टिकली?

"टिकलीताई, टिकलीताई!
दिवा दिसेना,
काकू ऐकेना,
मिस्त्री हलेना,
नाक बदलेना,
धूर थांबेना, माझा बत्तासा काळा!"
"मी नाही हटत, जा! मी इथे छान चिकटलेय."
"बरं," ठमी म्हणाली. "मग मीच बघते."

घुसली टिकलीखाली. लावली पाठ. हुश्श... हुश्श... चर्र!
टिकली सुटली. दिवा दिसला. लख्ख पिवळा!

काकूने गाडीत डोकावलं. ओरडली, "अगं बाई गं! ही तर माझीच टिकली! दिवा डोळ्यांत खुपतो, म्हणून मीच लावली होती की!"

मग काकूने सांगितलं. मिस्त्री हलला. नाक बदललं. खट्!
आणि काकूने ठमीला दिला नवा बत्तासा. अख्खा! अबब!

ठमीने तो ढकलत ढकलत कुठे नेला?
थेट धुराच्या नळीसमोर!
"अगं अगं अगं! काळा होईल ना!" काकू म्हणाली.
"बघू तरी, धूर थांबला का," ठमी म्हणाली.

मावशी सुरू झाली. भुर्र... भुर्र...
ठमीने डोळे मिटले.
ठमीने डोळे उघडले.
धूर? कुठेय धूर?
बत्तासा पांढराच पांढरा!

कुर्रुम, कुर्रुम, कुर्रुम.
बत्तासा संपला, गोष्ट संपली. चला, तोंड पुसा!