पाव पडलेली विहीर

योहानबुवांचा मुक्काम त्या वर्षी नदीकाठच्या धोंडेवळण गावी होता. गावाबाहेर खडकाळ टेकडीवर छोटंसं चर्च, शेजारी एक खोली आणि अंगणात एक विहीर, एवढाच बुवांचा संसार. रोज सायंकाळी ते चिपळ्या घेऊन येशूप्रभूचं कीर्तन करीत. ख्रिस्ती मंडळी आत बसत आणि सगुणाबाई कुंभारीण बाहेर पायरीवर बसे. बाई खंडोबाची भक्त. कपाळाला भंडारा लावून यायची, मान डोलवत कीर्तन ऐकायची आणि घरी जायची. आत येऊन बस असं बुवांनी तिला शंभरदा सांगितलं असेल; देव बदल, असं एकदाही नाही.

गावच्या रंभाजी पाटलांना मात्र हे खपत नसे. ते तिला चारचौघांत 'अर्धी बाटलेली' म्हणत. तिच्या घागरी कुणी घेऊ नयेत अशी त्यांनी ताकीदच दिली होती. सगुणाबाई वाद घालत नसे. देवाने कान दोन दिलेत, दोन्हीकडून चांगलं ऐकावं, एवढंच तिचं म्हणणं.

त्या श्रावणात नदीला पूर आला. माणसं टेकडीवर पळाली म्हणून जगली, पण पाणी ओसरल्यावर पाहतात तो गावातल्या सगळ्या विहिरी गाळाने भरलेल्या आणि आत मेलेली जनावरं. नदीचं पाणी प्यावं तर माणूस पोट धरून आडवा होई. तिसऱ्या दिवशी पटकीने दोघांचा बळी घेतला. चांगलं पाणी उरलं ते फक्त चर्चच्या विहिरीत, आणि ती विहीर तरी केवढी? दहा-बारा घागरी काढल्या की तळ दिसायचा, मग दुपारपर्यंत वाट पाहायची. तरीही बुवांनी दवंडी पिटवली की ज्याला पाणी हवं त्याने निःशंक यावं.

लोक घागरी घेऊन आले. नेमक्या त्याच वेळी शहरातल्या मोठ्या चर्चने पाठवलेल्या मदतीच्या गाड्या येऊन ठेपल्या. घोंगड्या, तांदूळ, औषधं आणि पावाच्या चार पाट्या. बरोबर लाजरस नावाचे कारभारी होते. माणूस भला, पण घाई फार. त्यांनी एक पाटी विहिरीच्या काठावर टेकवली, बैलाने मान झटकली आणि पाटी विहिरीत कलंडली. पाव पाण्यावर तरंगू लागले.

आज आपल्याला यात काही वाटणार नाही. पण त्या काळी विहिरीत पाव पडला म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती विहीर बाटली. तिचं पाणी जो प्यायला तो बाटला, त्याची सोयरीक तुटली, त्याला जातीत जागा नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन मागे सरल्या. पाटील तर जणू याचीच वाट पाहत होते. संकट साधून अख्खा गाव ओढायचा हा बुवांचा डाव आहे, असं ते म्हणाले. या विहिरीचं पाणी जो पिईल त्याला गावात थारा नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे बजावलं.

लाजरस रडकुंडीला आले. बुवांनी धोतर खोचलं. स्वतः विहिरीत उतरले, एकेक पाव काढला आणि ओल्या धोतरानिशी वर येऊन म्हणाले, "पाण्याने पाव भिजतो, पावाने पाणी बाटत नाही. जसे आलात तसेच परत जाल. ज्याने त्याने आपल्या देवाचं नाव घेऊन प्यावं."

कुणी हललं नाही. मग सगुणाबाई पुढे झाली. तिच्या आळीत चौघंजण अंथरुणाला खिळले होते. आज पाणी नेलं तर घर सुटेल आणि नाही नेलं तर माणसं जातील, हे तिला पुरतं कळत होतं. तिने घागर शेंदली, चिमूटभर भंडारा उधळला, खणखणीत आवाजात येळकोट येळकोट जय मल्हार म्हटलं आणि सगळ्यांदेखत ओंजळभर पाणी प्यायली.

लाजरस दबकत बुवांजवळ आले. चर्चच्या अंगणात भंडारा उधळला, आता वरच्या मंडळींना काय सांगू, असं त्यांनी विचारलं.

बुवा म्हणाले, "सांगा, योहानने उधळू दिला. पाणी देताना देव बदलायला लावला तर ती मदत नव्हे, लाच झाली. आपला प्रभू लाच देत नाही."

गावातली एक तरी विहीर उपसून होईपर्यंत इथून उठणार नाही, असं म्हणून बुवांनी दोर हाती घेतला. आधी कुंभारआळी आली, मग बाकीचे एकेक करून आले. पहिल्या दिवशीच शंभरावर घागरी गेल्या. पाणी सकाळी तिसऱ्या पायरीला होतं, सायंकाळीही तिसऱ्या पायरीलाच. असे नऊ दिवस गेले. बुवांच्या तळहातांची सालं निघाली, पण पाणी बोटभरही उतरलं नाही. देणारा कोण होता हे आपण भाविकांना वेगळं सांगायला नको.

पाचव्या दिवशी भर दुपारी रंभाजी पाटील स्वतःच्या खांद्यावर घागर घेऊन टेकडी चढून आले. त्यांच्या पत्नी गजराबाई पटकीने निपचित पडल्या होत्या. माणसांनी वाट करून दिली.

"बुवा, पानी पायजे," पाटील म्हणाले. "पन मला बाटायचं न्हाई."

"मग बाटू नका. तुमचा देव कोणता?"

"भैरोबा."

"त्याचं नाव घ्या आणि घागर पुढे करा."

पाटलांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा सगुणाबाईने त्यांच्या हातून घागर घेतली, भैरोबाच्या नावानं चांगभलं असं त्यांच्या वतीने म्हटलं, घागर भरली आणि त्यांच्या खांद्यावर चढवली. त्या पाण्यात औषध घालून गजराबाईंना घोटघोट पाजलं. तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या.

नवव्या दिवशी गावातली पहिली विहीर स्वच्छ झाली. तेव्हा पाटील पुन्हा टेकडीवर आले आणि बुवांच्या पायांशी वाकू लागले. बुवांनी त्यांना वरच्या वर धरलं आणि शेजारी घागर भरत असलेल्या सगुणाबाईकडे बोट दाखवलं.

"मी फक्त दोर ओढला, पाटील. पहिली ओंजळ हिने घेतली."

पाटील सगुणाबाईकडे वळले. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

"ह्या हिरीचं पानी पिईल त्याला गावात थारा न्हाई, असं म्याच बोललो व्हतो," ते म्हणाले. "घरात आणलेलं पानी म्या बी प्यालो. सगुणाबाई, मला गावात ऱ्हाऊ देशील का?"

आणि त्या मानी माणसाने साऱ्या गावासमोर कुंभारणीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने पटकन पाय मागे घेतले.

"उठा, पाटील," ती म्हणाली. "ऊन लई हाय. आधी पानी घ्या."