भ्यालीचा माळ

उंबरोशी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, एक रुंद हिरवा माळ आहे. त्याला भ्यालीचा माळ म्हणतात. गावातली घरे खडकाळ चढावर एकमेकांना खेटून उभी आहेत. या सपाट माळावर मात्र एकही घर नाही. गावविकासाच्या आराखड्यासाठी तालुक्याहून येणारा प्रत्येक नवा माणूस हटकून विचारतो, की एवढी आयती जागा मोकळी का ठेवली? मग म्हातारे गोमाजी गुरव त्याला माळाच्या कडेला बसवतात आणि सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा गाव खाली नदीकाठी होते म्हणे, आणि दर पावसाळ्यात पाणी चुलीपर्यंत यायचे. एका साली विसाजीपंत नावाचे कमाविसदार आले. सारा वसूल करायला सरकारी माणसे नेहमीच येत. पंत आले ते गाव कुठे वसवायचे हे गावालाच विचारायला. गोतसभा भरली. पाटील, कुणबी, बलुतेदार, सगळे बसले. तीन दिवस बोलणी झाली आणि ठरले, की गाव वर माळावर न्यायचे. लाकूड सरकार देईल, राबणूक गाव करील.

त्या सभेत अगदी मागच्या रांगेत, कडेला, कोंडाबाई कुंभारीण बसली होती. नवरा गेल्यापासून चाक तीच फिरवायची आणि माळामागच्या डोंगरातून माती तीच खणून आणायची. त्या डोंगराची माती तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणूनच ती भ्यालेली होती. खाणीच्या वर बोटभर भेग पडली होती. पाऊस नसताना झरा गढूळ वाहत होता. जमिनीला कान लावला, की आतून घरघर ऐकू यायची, आजारी माणसाच्या छातीतून यावी तशी.

सभेच्या आदल्या दिवशी ती हैबती पाटलांकडे गेली होती. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "कोंडाबाय, माझ्या जन्मात पयल्यांदा सरकार आपल्याला इचारतंय. तू असलं काय बोललीस तर पंत उठून जातील, आन् गाव नदीतच ऱ्हाईल. गप बस."

ती गप्प बसली. डोंगराचे भय होतेच, पण भरसभेत उभे राहण्याचे त्याहून मोठे होते.

माळावर अकरा घरे उठली. त्यांतल्या एका घरात कोंडाबाईची लेक आवडी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली.  त्या दिवसापासून रोज सकाळी कोंडाबाई भेगेवर ओल्या मातीची पट्टी थापून यायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायची. पट्टी मधोमध फाटलेली असायची. आधी केसभर, मग बोटभर.

श्रावणात, आठ दिवसांच्या झडीनंतर, उरलेली घरे हलवायची म्हणून माळावरच दुसरी सभा भरली. कागद लिहून झाला. पंत शिक्का उचलणार, तोच कोंडाबाई उभी राहिली. तिने तोंड उघडले, पण आवाज फुटेना.  कुणीतरी हसले. पाटलाने मान खाली घातली.

पंतांनी शिक्का ठेवला. "काय झालं, बाई?"

तरी शब्द येईना. तेव्हा पंत बैठकीवरून उतरले आणि तिच्यासमोर चिखलात मांडी घालून बसले. "घाई नाही. आम्ही थांबतो."

किती वेळ थांबले कुणास ठाऊक. सभेतल्या चिलमी विझल्या, असे सांगतात. शेवटी ती बोलली.

"मला भ्या वाटतं. डोंगर हालतोय. माझी पोर त्याच्याखाली ऱ्हाती. पयल्या सभंला मी बोलले न्हाई, मला तुमचं भ्या वाटलं."

पंत तिच्यामागून भेगेपर्यंत गेले. त्यांनी हातातली काठी आत सोडली. ती खाली आदळल्याचा आवाजच आला नाही. पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई," ते म्हणाले, "मलाही भीती वाटते आहे." आणि तो सरकारी माणूस, डोईची पगडी सावरायचेही भान न राहता, ओरडत उतारावरून धावत सुटला.

घरे रिकामी झाली. बाळाला उराशी धरून आवडी माळाच्या कडेच्या ओढ्यापलीकडे पोचली. तिथे माणसे मोजली, तर आंधळी भागू म्हातारी नव्हती. कुणी काही बोलायच्या आत हैबती पाटील मागे फिरला. कोंडाबाईने त्याला हाक मारली. त्याने ऐकली की नाही, कळले नाही. म्हातारीला पाठुंगळी घेऊन तो ओढ्याकाठी आला, तोवर वरचा झरा एकाएकी थांबला. पाखरे मुकी झाली. डोंगराने एक लांब श्वास घेतला म्हणे. पाटलाने म्हातारीला पलीकडच्या हातांत अक्षरशः फेकले, आणि डोंगर खाली आला.

अकरा घरे गेली. म्हातारी वाचली. पाटील सापडला नाही.

कोंडाबाई कितीतरी वेळ ओढ्याकाठून हलली नाही. तिच्याशेजारी उभे राहून पंतांनी ओल्या हाताने माती उचलली आणि शपथ घेतली, की ज्याला भय वाटते तो बोलल्यावाचून या गावाच्या कागदावर शिक्का उठायचा नाही. मग कोंडाबाईने खडकाळ चढ दाखवला आणि गाव तिथे वसले.

आजही आराखड्याची ग्रामसभा भरली, की सरपंच आणि तालुक्याचे साहेब खुर्च्या सोडून जमिनीवर बसतात आणि विचारतात, "कुणाला भ्या वाटतं?" बहुधा कुणीतरी उठते. शाळेच्या भिंतीचे भय असते, नव्या रस्त्यावरच्या वळणाचे असते. एखाद्या वर्षी कुणीच उठत नाही. तरी लगेच सही होत नाही. सारी सभा मुकाट बसून राहते, आणि साहेबांसकट सगळे मागच्या रांगेकडे पाहत थांबतात.