मोहोळाचं देणं

शके १७९४चा चैत्र. देवळासमोरच्या उंबरावर आग्या मोहोळ लटकलं होतं. सटवाजी पाथरवटानं ते पाहून तसंच मोहोळ देवळाच्या चौकटीवर दगडात कोरलं. इनामदारांशी बोली दुभत्या म्हशीची होती. सटवाजीच्या घरात आईविना तान्ही नात दुधासाठी रडत होती.

इनामदार भर गावात गरजले, "ही तर माश्यांची नक्कल! कसब त्यांचं. तुला कशाची म्हैस?"

आमच्याकडे कारागिराचं देणं मालकानं स्वतःच्या हातानं द्यायचं असतं.

सटवाजी म्हणाला, "कबूल, सरकार. म्हैस माश्यांनाच द्या. दावं तेवढं तुमच्या हातानं मोहोळाला बांधा."

इनामदारांनी उंबराकडे पाहिलं. मोहोळ घोंगावत होतं.

त्यांनी दावं सटवाजीच्या हातात दिलं.