काडी गार होईपर्यंत

एका जंगलाच्या कडेला, ओढ्याच्या वळणावर, करवंदीच्या दाट जाळीखाली एक सशीण राहत असे. तिला पाच पिल्ले होती, आणि जाळीपुढे चार उड्यांत संपेल एवढा मातीचा वाफा होता. मुलांनो, जागा लहान असली तरी मोक्याची होती. वर काटे असल्यामुळे घारीला झेप घालता येत नसे, आणि ओढा जवळ असल्यामुळे पाण्यासाठी उघड्यावर जावे लागत नसे. अशी जागा ज्याच्याकडे असते त्याला झोप कमी येते, कारण ती आणखी कुणाला तरी हवी असते.

त्या ओढ्याकाठी एक रीत होती. काठावरच्या प्रत्येक प्राण्याकडे एकेक वाफा असे. कार्तिकाच्या पहिल्या दिवशी म्हातारे कासव ओढ्याच्या वरच्या टोकाकडून निघे आणि एकेक वाफा पाहत खाली येई. ज्याच्या वाफ्यात ओळीने तीन वर्षे हिरवे काही दिसले नाही, त्याने तो राहत्या जागेसकट सोडायचा आणि मागणाऱ्याला द्यायचा.

सशिणीची दोन वर्षे रिकामी गेली होती. पहिल्या वर्षी माती इतकी आवळून बसली की पाणी वरच्यावर साचून राहिले आणि बी आत कुजले. दुसऱ्या वर्षी तिने पाहिले की, ओढ्यापलीकडे म्हातारी गाय जिथे बसते तिथले गवत गुडघाभर वाढते. झाले. पळसाच्या पानांवर ओढून ओढून तिने गाईचे ताजे शेण आणले आणि रोपांच्या बुडाशी चांगले पंजाभर जाड थापले. आठ दिवसांत रोपे पिवळी पडली. उरली होती त्यांची मुळे हुमणीच्या पांढऱ्या अळ्यांनी खाल्ली.

आता तिसरे वर्ष लागले होते. कोल्ह्याने तिच्या वाफ्याची मागणी आधीच करून ठेवली होती. तो रोज दुपारी यायचा, जाळीची सावली कुठवर पडते ते पावलांनी मोजायचा आणि गोड बोलायचा.

"चालू द्या वहिनी, तुमचं चालू द्या. मी आपला बघायला आलोय. मला शेतीची फार हौस."

"भावोजी, तुम्ही पाला खाता?" सशिणीने विचारले.

"खात नाही. पण शिकेन म्हणतो," कोल्हा म्हणाला, आणि त्याने पिल्लांकडे पाहिले. सशिणीला पुढचे दिसू लागले. उघड्या माळावर पाच पिल्ले, वर घार आणि खाली हा. ती तशीच उठली आणि ओढा ओलांडून गाईकडे गेली.

गाय कुंभ्याच्या झाडाखाली रवंथ करत बसली होती. घाई म्हणून तिला ठाऊक नव्हती.

"मावशी, तुमचं शेण मला लाभलं नाही. रोपं जळाली माझी."

"कधी घातलंस?"

"आणलं त्याच दिवशी."

"मग जळणारच गं बाई," गाय म्हणाली. "मी गवत खाते, तेसुद्धा मला एकदा गिळून पचत नाही. परत तोंडात आणून चावावं लागतं. मातीला तू कच्चं शेण एकदम खायला घातलंस. तिनं काय करावं?"

मग गाईने तिला रीत सांगितली. सावलीत उथळ खड्डा घ्यायचा. तळाला वाळलेला पालापाचोळा, त्यावर शेण, त्यावर मूठभर माती, पुन्हा पाला. असे थर चढवत जायचे, मधूनमधून पाणी शिंपडायचे, मूठभर पिळले तर ओल जाणवेल एवढेच. वरून पळसाची पाने झाकायची. दर पौर्णिमेच्या दिवशी एकदा वरचे खाली आणि खालचे वर करायचे.

"आणि मधल्या दिवसांत?" सशिणीने विचारले.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"ते सगळ्यात अवघड आहे," गाय म्हणाली.

चैत्र सरत होता. सशिणीने जांभळीच्या सावलीत खड्डा केला आणि सहा दिवस खपून ढीग रचला. सातव्या दिवशी सकाळी कावळा जांभळीवर येऊन बसला. कावळ्याला विचारावे लागत नाही, तो आपणहून सांगतो.

"सशीणबाई, तुमच्या ढिगातून धूर निघतोय."

सशीण धावली. खरेच, पानांच्या फटींतून पांढरी वाफ वर येत होती. तिने पंजा आत घातला आणि चटकन मागे घेतला. आत चांगलेच गरम होते.

"पेटला वाटतं," कावळा म्हणाला. "जाळी वाळलेली आहे, पोरं आत आहेत. मी आपलं बघितलं ते सांगितलं."

सशिणीने पुढचा विचार केलाच नाही. तिने सारा ढीग उसकटून पांगवला आणि पानांच्या द्रोणांतून ओढ्याचे पाणी आणून आणून त्यावर ओतले. दुपारपर्यंत ढिगाचा चिखल झाला होता. कोल्हा आला, त्याने सगळे पाहिले, आणि शेपटी सावरून चिखलाच्या कडेने जपून गेला.

गाय संध्याकाळी पाण्यावर आली तेव्हा सशीण तिथेच बसलेली होती.

"पेट घेत होता, मावशी."

"पेट घेत नव्हता. पिकत होता. आत ऊब धरली की समजायचं, काम लागलंय." गाईने चिखल हुंगला. "महिनाभर मागे गेलीस. पण फेकू नकोस. सुकव, कोरडा पाला मिसळ आणि परत रच."

ज्येष्ठाच्या सुरुवातीला ढीग पुन्हा उभा राहिला. पाऊस आला तर ओघळून जाऊ नये म्हणून सशिणीने पानांचे झाकण दुप्पट केले. पण तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. कधी आषाढ संपतो आणि कधी आश्विन येतो, हेच डोक्यात. सकाळी उठली की ती ढिगाला एक भोक पाडायची, नाक घालून पाहायची आणि बुजवायची. दुपारी दुसऱ्या बाजूने. आठवड्यात ढिगाला इतकी भोके पडली की आतली ऊब कुठूनही निघून जाऊ लागली. पौर्णिमेला तिने ढीग परतला तर आत पाला जसाच्या तसा, नुसता ओला.

मुलांनो, कैऱ्यांची आढी घालणाऱ्या कुणालाही विचारा. कैऱ्या गवतात दाबून ठेवल्या की पिकतात, पण दर तासाला गवत बाजूला सारून एकेक दाबून बघणाऱ्याच्या घरी त्या सुरकुततात, पिकत नाहीत. आणि वर तोच गावभर सांगत फिरतो की यंदा आंबाच नासका निघाला.

सशिणीनेही तेच केले. ती गाईकडे गेली आणि म्हणाली, "तुमच्या शेणातच काही जोर नाही, मावशी."

गाय रागावली नाही. तिने घास पुरता चावला आणि विचारले, "ही पाच पोरं तुझ्या पोटात होती तेव्हा रोज सकाळी बाहेर काढून बघत होतीस का, केवढी झालीत ते?"

सशिणीने कान पाडले.

"एक लांडोर होती इथं," गाय म्हणाली. "अंडी उबवायला बसली. फार जीव होता तिचा अंड्यांवर. म्हणून सारखी उठायची, बघायची, फिरवायची, परत बसायची. तिच्याएवढी काळजी कुणी केली नसेल. एक अंडं फुटलं नाही. तिच्या शेजारची लांडोर आळशी होती, बसली ती बसली. तिची चार पिल्लं अजून माझ्या पाठीवरच्या गोचिड्या टिपतात."

"पण मला कळणार कसं, मावशी? आत काय चाललंय ते न बघता?"

"एक लांब काडी घे. ढिगाच्या मध्यापर्यंत खोच आणि तिथंच ठेव. आठवड्यातून एकदा उपस आणि टोकाला हात लाव. गरम लागली तर परत खोच आणि घरी जा. गार लागली आणि तिला शेणाचा वास न येता ओढ्याकाठच्या मातीचा वास आला, की माझ्याकडे विचारायलाही येऊ नकोस. आणि काळजी करायचीच असेल तर पायांना काम देऊन कर. वाफा उकर, ढेकळं फोड, पाला गोळा कर. ढिगाला सोड."

त्या दिवसापासून सशिणीने ढिगाला सोडले. सोपे नव्हते ते. पाय आपोआप तिकडे वळायचे, मग ती ते वळवून वाफ्यात न्यायची आणि ढेकळे फोडायची. श्रावणात काडी गरम निघाली. पौर्णिमेला ढीग परतला, झाकला. भाद्रपदात गरमच. पाला मात्र आता पाल्यासारखा दिसत नव्हता.

आश्विन आला. ओढ्याकाठचे बाकीचे वाफे पेरून झाले, उगवून आले, हिरवेगार झाले. साळिंदराचा मुळा टरारला होता. सशिणीचा वाफा उघडा होता आणि आश्विनी पौर्णिमेलाही तिची काडी कोमट निघाली. कासवाच्या फेरीला पंधरा दिवस राहिले होते.

कोल्हा आता दुपारी यायचा आणि बसूनच राहायचा.

"वहिनी, खरं सांगू? टाका ते खत आता, आहे तसं. झालंय की काळं. आणखी थांबलात तर पेरणार कधी, उगवणार कधी? मी तुमच्याच भल्याचं सांगतो."

तेच म्हणणे सशिणीच्याही मनात होते. ती धावत गाईकडे गेली.

"मावशी, टाकू का?"

"काडी काय म्हणते?"

"कोमट आहे म्हणते."

"मग मला कशाला विचारतेस? मी काही तुझ्या ढिगात बसून आले नाही."

सशीण परत आली. तिला गेल्या वर्षीची पिवळी रोपे आठवली. तिने काडी पुन्हा खोचली. आठ दिवस राहिले. सात. सहा. पाच दिवस राहिले असताना सकाळी तिने काडी उपसली, टोक गालाला लावले, आणि ते गार होते. वास घेतला. शेणाचा मागमूस नव्हता. झाकण काढले तर आत काळेभोर, भुसभुशीत, पंजात धरले की मऊ लागणारे आणि सोडले की मोकळे होणारे खत तयार होते. तिने ते वाफ्यात पसरले, मातीत मिसळले, मेथीचे दाणे ओळीने पेरले आणि हलके पाणी दिले.

कार्तिकाच्या पहिल्या दिवशी कासव निघाले. कोल्हा त्याच्या आधीच वरच्या टोकाला जाऊन उभा होता.

"आजोबा, आधी सशिणीचा खालचा वाफा बघून घ्या. तो रिकामाच आहे, तेवढंच एक काम उरकेल."

"क्रमानं येईन," कासव म्हणाले.

कासवाच्या क्रमाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत सशिणीने काही खाल्ले नाही. वाफ्यावर काहीच दिसत नव्हते. कावळा वर बसून खबर देत होता, "साळिंदराच्या वाफ्यापाशी पोचलं. आता निघालं. तुमच्याकडे अजून काही नाही, सशीणबाई, मला वरून सगळं दिसतं."

कोल्हा जवळ येऊन बसला. "एक दाणा उकरून बघा ना, वहिनी. जिवाला तेवढंच बरं वाटेल. एका दाण्यानं काय होतंय?"

सशिणीचा पंजा पुढे गेला. मातीला टेकला. माती मऊ होती, थोडे दाबले की दाणा हाती आला असता, आणि कळलेही असते. पण एक दाणा पाहून तिचे समाधान होणार नव्हते, हे तिला चांगले ठाऊक होते. दुसरा उकरला असता, मग तिसरा. तिने पंजा मागे घेतला, दोन्ही पुढचे पाय पोटाखाली दुमडले आणि त्यांच्यावर बसून राहिली. पिल्लेही तिच्यासारखीच बसली.

ऊन चढले तेव्हा कासव आले. कोल्हा उभा राहिला.

"बघा आजोबा. काही नाही. तिसरं वर्ष."

कासवाने मान बाहेर काढली आणि वाफ्यात पाय टाकला. पाय आत रुतला. त्याने तो काढून पाहिला, दुसरा टाकला. तोही रुतला.

"गेल्या वर्षी इथं माझी नखं वाजत होती," ते म्हणाले.

"पण हिरवं कुठं आहे?" कोल्हा म्हणाला. "रीत हिरव्याची आहे. मला दिसत नाही. कावळ्यालाही दिसत नाही."

"तुम्ही दोघं उंचावरून बघता," कासव म्हणाले. "मी जमिनीपासून दोन बोटांवरून चालतो." त्याने हनुवटी मातीला टेकवली. "या खाली."

कोल्ह्याला वाकावे लागले. ओळीने मातीचा पापुद्रा उचलला गेला होता, आणि त्याखाली मेथीचे कोंब माना वाकवून उभे होते. अजून डोके वर काढायचे होते, पण हिरवे होते. एक नाही, दोन नाही, ओळीच्या ओळी.

"वाफा सशिणीचा," कासव म्हणाले आणि त्याच चालीने परतीला लागले.

त्या मोसमात सशिणीने चार वेळा मेथी खुडली आणि एक जुडी दर वेळी ओढ्यापलीकडे गाईला नेऊन दिली. कोल्ह्याची शेतीची हौस फिटली असावी, कारण तो पुन्हा दिसला नाही. माघात सशिणीने नवा ढीग रचला. सातव्या दिवशी सकाळी कावळा जांभळीवर येऊन बसला.

"सशीणबाई, तुमच्या ढिगातून धूर निघतोय."

"निघू दे," सशीण म्हणाली, आणि मान वर न करता मेथी खुडत राहिली.

तात्पर्य : काळजी असेल तर हातपाय चालवावेत, पण जे स्वतःच्या उबेने पिकत आहे ते उघडून पाहू नये, शेण असो की दाणा, त्याची वेळ भरू दिली तरच माती ते आपलेसे करते.